गूगलवरून ब्लॉग खाली घसरला? विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो, शेती करतो आणि शेतीवरच लिहितो. हिंगणघाट, वणी, वरुड, कारंजा, चिमूर अशा तालुक्यांतल्या गावांतून लिहिणारे बरेच जण ओळखीचे झाले आहेत. कोणी शाळेत शिकवतं, कोणी सेतू केंद्र चालवतं, कोणाचं कृषी केंद्र आहे, काही ताया घरचं आटोपून रात्री लिहितात. वाचक आटले की फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, आधी साधे, मग गुंतागुंतीचे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, ही ‘पेनल्टी’ म्हणजे नेमकं काय असतं?

लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात, आणि अर्धा घोळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन’. गूगलमधला माणूस तुमची साइट पाहतो, नियम मोडलेला दिसला की कारवाई नोंदवतो, आणि ती तुम्हाला लेखी कळते. दुसरी गोष्ट म्हणजे अल्गोरिदममधला, म्हणजे लेखांचा क्रम लावणाऱ्या गूगलच्या हिशोबातला, बदल. त्यात तुमच्यावर कोणी बोट ठेवलेलं नसतं. सगळ्यांच्याच लेखांची मोजणी नव्याने होते आणि तुमचा लेख मागे पडतो.

कापसाच्या भाषेत सांगतो. सी.सी.आय.च्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर गाडी नेली, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला आणि गाडी परत पाठवली, ही झाली मॅन्युअल अ‍ॅक्शन. कारण माहीत असतं, कापूस वाळवून पुन्हा नेता येतो. दुसऱ्या प्रकारात गाडी कोणी परत पाठवत नाही. त्या दिवशी बाजारात तुमच्यापेक्षा लांब धाग्याचा, स्वच्छ वेचणीचा कापूस जास्त आला, म्हणून व्यापारी तुमच्या ढिगाजवळ थांबलाच नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आपल्याला काय झालं हे पाहिल्याशिवाय हात लावू नका.

२. मला पेनल्टी लागली हे ओळखायचं कसं?

अंदाज बांधायची गरज नाही, ते पाहता येतं. गूगलचं ‘सर्च कन्सोल’, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन, फुकट आहे. त्यात साइट जोडा आणि मालकी सिद्ध करा. बाजूच्या यादीत खाली ‘सिक्युरिटी अँड मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ असा भाग आहे, त्यात ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ उघडा. हिरवी खूण दिसली तर कारवाई नाही. कारवाई असेल तर कोणता नियम मोडला आणि ती पूर्ण साइटवर आहे की काही पानांवर, हे तिथेच लिहिलेलं असतं.

मला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पानावर हिरवीच खूण निघते. काहींनी तर ते पान उघडायच्या आधीच अर्धे लेख उडवलेले असतात.

३. हिरवी खूण हाय, तरी वाचक निम्म्यावर आले. काऊन?

आधी तारीख शोधा. सर्च कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’ आलेखात घसरण कोणत्या दिवशी सुरू झाली ते पाहा. गूगल वर्षातून काही वेळा ‘कोअर अपडेट’, म्हणजे अल्गोरिदममधला मोठा बदल, जाहीर करतं आणि त्याच्या सुरुवातीची व शेवटची तारीख ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’वर देतं. तुमची तारीख त्यात बसली तर कारण बहुतेक तेच.

मार्च २०२४ चा कोअर अपडेट ५ मार्चला सुरू झाला आणि १९ एप्रिलला संपला, म्हणजे ४५ दिवस चालला. त्या काळात आकडे रोज वरखाली होत होते, आणि लोक रोज घाबरून काहीतरी बदलत होते. आज थीम बदल, उद्या मथळे बदल. मग नेमकं कशाने काय झालं हे कोणालाच सांगता आलं नाही. अपडेट संपल्यावर किमान एक पूर्ण आठवडा थांबा, असं गूगल स्वतः सांगतं. मग त्या आठवड्याची अपडेटच्या आधीच्या आठवड्याशी तुलना करा. दुसऱ्या क्रमांकाचा लेख चौथ्यावर आला असेल तर त्याला छेडू नका. चौथ्यावरून तिसाव्याच्या आसपास गेला असेल तर तो लेख, आणि तशा धाटणीचे बाकीचे लेख, परक्या माणसाच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा.

तारीख कुठल्याच अपडेटशी जुळत नसेल तर प्रश्न ४, ५ आणि ६ पाहा.

४. दरवर्षी उन्हाळ्यात माझे वाचक कमी होतात. हीपण पेनल्टीच का?

नाही, ही उलंगवाडी आहे, म्हणजे वेचणी आटोपून शेत रिकामं झाल्याचा काळ. शेतात पऱ्हाटीच (कपाशी) उभी नसेल तर बोंडअळी कोण शोधणार? गुलाबी बोंडअळीची शोधाशोध सप्टेंबरपासून वाढते, सोयाबीनच्या भावाची ऑक्टोबरमध्ये, संत्र्याच्या आंबिया बहाराच्या ताणाची (फुलासाठी झाडाचं पाणी तोडण्याची) डिसेंबर-जानेवारीत, आणि बियाण्यांची मृगाच्या तोंडावर. शेतीवरचा ब्लॉग शेतासारखाच हंगामी चालतो.

सर्च कन्सोल १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, त्यामुळे या एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी करता येते. मार्चशी करू नका. मग दोन रकाने एकत्र वाचा. सरासरी स्थान तेच आहे आणि इम्प्रेशन (लेख निकालात किती वेळा दिसला तो आकडा) कमी झालेत, तर लोक शोधतच नाहीत. स्थान खाली गेलंय, तर ती खरी घसरण.

५. काल रात्रीपर्यंत होता, आज माझा ब्लॉग गूगलवर दिसतच नाही. आता?

इतक्या अचानक पूर्ण गायब होण्यामागे बऱ्याचदा आपल्याच घरातली चूक निघते. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. तिथे सर्च इंजिनांनी साइट नोंदवू नये अशी विनंती करणारा एक चौकोन असतो. साइट नव्याने बसवताना कोणीतरी तो टिचकवून ठेवतं आणि विसरून जातं. एका गुरुजींचा ब्लॉग तीन आठवडे असा बंद होता. त्या तीन आठवड्यांत त्यांनी एका ‘तज्ज्ञा’ला पैसेही देऊन झाले होते.

डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) वार्षिक शुल्क भरलंय का, होस्टिंग (साइट जिथे ठेवली आहे ती भाड्याची जागा) चालू आहे का, तेही पाहा. स्वस्त होस्टिंगचा सर्व्हर दिवसेंदिवस बंद राहिला तर गूगल पानं यादीतून काढायला लागतं. सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत आपल्या लेखाचा पत्ता टाकला की तो यादीत आहे की नाही आणि नसेल तर का, हे कळतं. यातलं काहीच नसेल तर प्रश्न २ प्रमाणे तपासा. उघड स्पॅमवरच्या मॅन्युअल अ‍ॅक्शनमध्ये पूर्ण साइट खरोखरच काढली जाते.

६. स्थान तेच, इम्प्रेशन तेवढेच, क्लिक मात्र कमी. हे कसं?

याला पेनल्टी म्हणता येत नाही. तुमच्या लेखाच्या वर आता दुसऱ्या गोष्टी बसल्यात: जाहिराती, व्हिडिओ, आणि एआयने तयार केलेलं उत्तर. ‘पीक विम्याची शेवटची तारीख’ एवढंच हवं असेल तर ती वरच्या वर मिळते आणि माणूस आत येत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गूगलने शोधाच्या निकालात प्रश्नोत्तरांच्या उघडणाऱ्या पट्ट्या बहुतेक साइट्ससाठी बंद केल्या, तेव्हाही अनेकांचे क्लिक असेच कमी झाले होते.

एका ओळीत उत्तर संपतं अशा विषयांवर तुमचा ब्लॉग उभा असेल तर हा फटका पुढेही बसणार. ज्याला फोटो, अनुभव, हिशोब लागतो ते विषय धरा.

७. आपण मराठीत लिहितो. गूगल मराठीकडे लक्ष तरी देतं का?

देतं. हा गैरसमज जुना आहे आणि त्याला थोडं कारणही आहे. मोठे बदल बऱ्याचदा आधी इंग्रजीत येतात. निकृष्ट, पातळ मजकुरावरचा ‘पांडा’ फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि बहुतेक इतर भाषांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागला. ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेट ऑगस्ट २०२२ मध्ये फक्त इंग्रजीसाठी होता, डिसेंबरात सगळ्या भाषांना लागू झाला. मधल्या महिन्यांत मराठी लिहिणाऱ्यांना वाटतं की आपण सुटलो. मार्च २०२४ पासून हेल्पफुल कंटेंटची ती व्यवस्था मुख्य अल्गोरिदममध्येच मिसळली आहे, त्यामुळे त्या नावाच्या वेगळ्या अपडेटची वाट पाहू नका.

८. वऱ्हाडीत लिहिलं तर रँकिंग कमी होतं का?

बोलीसाठी कोणतीही शिक्षा नाही. अडचण शब्दांच्या शोधाची आहे. तुम्ही ‘पऱ्हाटी’ लिहिता, वाचणारा ‘पराटी’ टाइप करतो, दुसरा ‘कापूस’, तिसरा रोमन लिपीत. ओघात दोन्ही शब्द आले तर पुरे: ‘पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीवर यंदा मावा लवकर दिसला.’ पण लेखाच्या तळाला ‘कापूस भाव, कपाशी भाव, पराटी भाव, कापूस भाव आजचा’ असा ढीग टाकू नका, आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तर मुळीच नाही. शब्दांची अशी भरताड आणि लपवलेला मजकूर, दोन्ही गूगलच्या स्पॅम नियमांत बसतात.

आपली बोली सोडू नका. डवरणी, धुरा, उलंगवाडी हे शब्द दिल्लीत बसून लेख पाडणाऱ्याला सुचत नाहीत.

९. पैसे देऊन लिंक टाका म्हणून ई-मेल येतात. एखादी टाकली तर काय होतं?

हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी मला असाच ई-मेल आला. कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपवरचा लेख टाका, त्यात एक लिंक ठेवा, दीड हजार रुपये देतो. सोयाबीन काढणीच्या पावसात सापडलं होतं, मुलीची फी बाकी होती. टाकला. मग दुसरा, मग तिसरा. चौथ्या महिन्यात सर्च कन्सोलवर निरोप आला: तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या अनैसर्गिक लिंक्स. आमच्या घरात रेंज येत नाही, स्लॅबवर जावं लागतं. टाकीला टेकून तो निरोप मी चार-पाच वेळा वाचला. साडेचार हजार रुपयांसाठी सहा वर्षांचं लिखाण खाली गेलं होतं.

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. गावातल्याच एका पोराने सांगितलं, ‘दादा, तुम्ही लिहिलं म्हणून मी त्या अ‍ॅपवरून कर्ज घेतलं.’ त्याचे हप्ते सुरू होते.

नियम असा आहे. पैसे किंवा वस्तू घेऊन दिलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण लागते, म्हणजे गूगल ती लिंक शिफारस म्हणून धरत नाही. ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण सप्टेंबर २०१९ पासून आहे, ‘नोफॉलो’ त्याच्या बरीच आधीची. खूण असेल तर जाहिरात घेण्यात काही गैर नाही. देणारा बहुतेक वेळा ‘खूण लावू नका’ हीच अट घालतो, आणि तो कशासाठी पैसे देतोय हे त्यावरूनच कळतं. वाचकालाही वरच्या ओळीत सांगा की हा लेख पैसे घेऊन टाकला आहे.

हा नियम गूगलने स्वतःलाही लावला होता. जानेवारी २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी ब्लॉग लिहिणाऱ्यांकडून पैसे देऊन लेख लिहून घेतल्याचं उघड झालं. त्यातली एक लिंक खुणेविना होती. गूगलने क्रोमचंच पान किमान ६० दिवसांसाठी शोधात खाली टाकलं.

१०. मॅन्युअल अ‍ॅक्शन लागली आहे. ‘रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट’ (फेरविचाराची विनंती) कशी लिहायची?

आधी साफसफाई पूर्ण करा. अर्धवट केलेली विनंती फेटाळली जाते, माझी पहिली तशीच फेटाळली गेली. तीन लेख मी काढले होते, पण त्यातलीच एक लिंक बाजूच्या ‘उपयुक्त दुवे’ या चौकटीत राहून गेली होती. चौकट प्रत्येक पानावर होती, म्हणजे ती लिंकही प्रत्येक पानावर.

विनंतीत तीन गोष्टी हव्यात: काय चुकलं, काय दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय ठरवलं. माझ्या दुसऱ्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता: ‘मी तीन लेखांत पैसे घेऊन लिंक टाकल्या. तिन्ही लेख काढले. बाजूच्या चौकटीतली लिंक काढली. सगळे जुने लेख एकेक करून तपासले, त्यांची यादी जोडली आहे. यापुढे पैसे घेतलेली प्रत्येक लिंक स्पॉन्सर्ड खुणेने देईन.’ गरिबी, दुष्काळ, लेकरांचं शिक्षण यातलं काही लिहिलं नाही. ते खरं होतं, पण तपासणाऱ्याला साइट स्वच्छ झाली का एवढंच पाहायचं असतं.

उत्तराला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, लिंकच्या प्रकरणांत त्याहून जास्तही. उत्तर यायच्या आधी दुसरी विनंती पाठवू नका. आणि हे फक्त मॅन्युअल अ‍ॅक्शनसाठी आहे. प्रश्न ३ मधल्या घसरणीसाठी असा अर्ज नसतो.

११. प्रत्येक तालुक्याचं वेगळं भावाचं पान केलं. त्यात काय चुकलं?

विदर्भाचे ११ जिल्हे, १२० तालुके. दहा पिकं धरली की बाराशे पानं होतात. ‘आजचा तूर भाव, दर्यापूर’, ‘आजचा तूर भाव, अंजनगाव’... आकडा सोडून सगळा मजकूर तोच. वाचकासाठी असं कोणी लिहीत नाही, ते शोधयंत्रासाठी लावलेलं जाळं असतं. मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम स्पष्ट केला: रँकिंग मिळवण्यासाठी थोकात काढलेली, वाचकाच्या फारशी कामाची नसलेली पानं स्पॅम आहेत, मग ती माणसाने काढोत की यंत्राने.

भाव द्यायचेच असतील तर एका बाजार समितीचं एक पान ठेवा आणि तिथे जे दुसरीकडे नाही ते लिहा. आवक किती होती, ओल्या तुरीला किती कापले, हमालीचा हिशोब काय, पट्टी कधी मिळाली. बाजारात उभं राहिलेल्या माणसालाच हे माहीत असतं.

१२. एआयने लिहिलेला किंवा हिंदीतून यंत्राने मराठी केलेला लेख चालतो का?

एआय वापरलं म्हणून शिक्षा नाही. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलं की मजकूर कसा तयार झाला यापेक्षा तो कसा आहे हे पाहिलं जाईल. पण न वाचता, न तपासता यंत्रातून काढलेले ढीगभर अनुवाद प्रश्न ११ च्याच नियमात सापडतात. असे लेख लगेच ओळखूही येतात. ‘रस शोषणाऱ्या किडी’ऐवजी ‘चोखणारे कीटक’ आणि ‘शेंगा पोखरणाऱ्या अळी’ऐवजी ‘शेंगा बोअरर’ वाचलं की शेतकरी तिथूनच परत जातो.

मला यात रँकिंगपेक्षा मोठी काळजी फवारणीची वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामातली दवाखान्याची वारी इकडचं कोणी विसरलेलं नाही. आणि आज मी असे लेख पाहतो ज्यात औषधाचं प्रमाण ‘एका पंपाला इतके मिली’ एवढंच असतं. कोणता पंप? साध्या पाठीवरच्या पंपाचं प्रमाण वेगळं, पॉवर पंपाचं वेगळं. मूळ शिफारशीत ते लिहिलेलं असतं, नकलेत गळून जातं.

आरोग्य, पैसा, जीविताची सुरक्षितता या विषयांवरच्या पानांना गूगल जास्त कडक निकष लावतं, आणि ते बरोबरच आहे. फवारणीवर लिहायचं तर अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांची चालू वर्षाची शिफारस समोर ठेवा. डब्यावरचं लेबल स्वतः वाचा, लेखावर तारीख टाका. जुनी शिफारस बदलली असेल तर तो लेख त्याच दिवशी दुरुस्त करा.

१३. माझा लेख मोठ्या पोर्टलने उचलला आणि ते माझ्या वर दिसतात. शिक्षा मलाच का?

ही शिक्षा नाही, पण अन्याय आहे आणि तो रोज होतो. सारखा मजकूर दोन ठिकाणी दिसला की गूगल एक प्रत निवडतं, आणि ती निवड चुकू शकते. तुमच्या लेखाची तारीख, मूळ फोटो आणि मोबाइलमधल्या फाइल जपून ठेवा. आधी पोर्टलला लिहा. दाद दिली नाही तर गूगलकडे कॉपीराइटचा भंग कळवायचा अर्ज भरता येतो. प्रत्येक पानाचा वेगळा पत्ता द्यावा लागतो. खोटी तक्रार अंगलट येते, म्हणून जे खरोखर तुमचं आहे त्याच्यासाठीच करा. सरकारी योजनेचा शासन निर्णय दोघांनीही जसाच्या तसा उतरवला असेल तर तिथे ‘माझं’ म्हणण्यासारखं काही नसतं.

१४. कोणीतरी मुद्दाम माझ्या साइटवर हजारो घाणेरड्या लिंक सोडल्या आहेत. मी बुडालो का?

बहुतेक नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये लिंकच्या फसवणुकीवरचा ‘पेंग्विन’ आला तेव्हा ही भीती रास्त होती. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग आहे आणि अशा लिंकमुळे साइट खाली टाकण्याऐवजी त्या लिंक मोजायच्याच नाहीत, असा त्याचा कल आहे. ‘या लिंक माझ्या नावावर धरू नका’ असं गूगलला कळवायचं ‘डिसअव्हो’ नावाचं साधन आहे, पण ते आपणच पूर्वी लिंक विकत घेतल्या असतील आणि त्यावरून कारवाई झाली असेल किंवा होण्याची शक्यता असेल तेव्हाच वापरा. चुकीच्या यादीने चांगल्या लिंकही हातच्या जातात.

१५. नवीन डोमेन घेऊन सगळे लेख तिकडे नेले तर पेनल्टी सुटते ना?

जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण दिलं की जुन्याचं बरं-वाईट दोन्ही मागे येतं. वळण न देता तेच लेख नेले तर तोच मजकूर, त्याच चुका, आणि ओळख शून्यातून. दुरुस्ती करणं स्वस्त पडतं.

याच्या उलटही घडतं. एकाने दुसऱ्याने सोडलेलं जुनं डोमेन हौसेने विकत घेतलं आणि पहिल्या दिवशी सर्च कन्सोल जोडलं तर आधीच्या मालकाची मॅन्युअल अ‍ॅक्शन समोर. असं झालं तर घाबरू नका. जुना मजकूर पूर्ण काढा आणि प्रश्न १० प्रमाणे अर्ज करून मालकी बदलल्याचं लिहा. मात्र जुन्या डोमेनच्या नावावर रँकिंग उचलायला म्हणून ते घेतलं असेल तर तेही २०२४ पासून स्पॅमच्या यादीत आहे.

१६. एक कंपनी म्हणते, साइटचा एक कोपरा भाड्याने द्या, कूपनची पानं आम्ही टाकतो. द्यावा?

देऊ नका. तुमच्या नावाच्या वजनावर दुसऱ्याचा मजकूर वर चढवणं, यावर मे २०२४ पासून गूगल कारवाई करतं.

१७. माझ्या ब्लॉगच्या नावावर गूगलमध्ये जपानी अक्षरं दिसतात. ही कोणती पेनल्टी?

साइट हॅक झाली आहे. कोणीतरी आत शिरून हजारो खोटी पानं टाकली आहेत, आणि ती बऱ्याचदा फक्त गूगलला दिसतात, तुम्हाला नाही. ‘सिक्युरिटी इश्यूज’ हे पान पाहा. सर्च कन्सोलमध्ये अनोळखी मालक जोडला गेलाय का तेही तपासून काढून टाका. पासवर्ड बदला, फुकटात ‘क्रॅक’ केलेली थीम किंवा प्लगइन असेल तर ती काढा, होस्टिंगवाल्याकडून स्वच्छ प्रत परत घ्या, मग तपासणीची मागणी करा. गावातल्या ज्या पोराने साइट बनवून दिली त्याच्याचकडे सगळे पासवर्ड आहेत, ही परिस्थिती मी फार पाहतो. आजच ते स्वतःकडे घ्या.

१८. पेनल्टीमुळे अ‍ॅडसेन्सचे पैसे अडकतात का?

शोधातली कारवाई आणि अ‍ॅडसेन्स (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) हे दोन वेगळे विभाग आहेत. रँकिंग पडलं म्हणून जमा रक्कम कापली जात नाही. पण वाचक कमी झाले की पैसे हाती यायला लागणारा १०० डॉलरचा उंबरठा गाठायला दोन महिन्यांऐवजी आठ महिने लागतात, रक्कम पुढे पुढे जमा होत राहते. गावात बसून लिहिणाऱ्याला खरा फटका हाच असतो. जाहिराती वाढवून तो भरून काढायला जाऊ नका. दोन ओळींमागे एक जाहिरात आली की उरलेला वाचकही जातो.

१९. दहा हजार द्या, आठ दिवसांत पेनल्टी उठवतो, असा फोन आला. खरं असतं का?

नाही. पेनल्टी उठवायचे गूगल पैसे घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ‘गूगलमधून बोलतोय’ म्हणून ओ.टी.पी. मागितला तर फोन ठेवा.

२०. गूगलने खाली टाकलं तर बिंग या दुसऱ्या शोधयंत्रावरही पडतो का?

नाही, दोघांचे निकष आणि कारवाया वेगळ्या. बिंगचं वेबमास्टर टूल्स फुकट आहे, तिथेही साइट जोडून ठेवा.

२१. गूगलविरुद्ध तक्रार कुठे करता येते?

भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातल्या पक्षपातासाठी गूगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला होता, म्हणून हा प्रश्न येतो. तो मामला गूगलने स्वतःच्या सेवांना शोधात झुकतं माप देण्याचा होता. एखाद्या ब्लॉगचं स्थान का पडलं याची दाद तिथे लागत नाही. त्यासाठी मॅन्युअल अ‍ॅक्शन असेल तर प्रश्न १० चा अर्ज, आणि अडलंच तर सर्च कन्सोलच्या मदत-समुदायात साइटचा पत्ता देऊन प्रश्न विचारा. तिथले अनुभवी स्वयंसेवक बरेचदा चूक नेमकी दाखवतात.

२२. सगळं दुरुस्त केलं. पुन्हा पहिल्यासारखे वाचक कधी येतील?

कारवाई उठली म्हणजे जुनं स्थान परत मिळालं असं नसतं. माझी उठली, वाचक मात्र साधारण निम्मेच परतले. तेवढ्या काळात दुसऱ्यांनी चांगलं लिहिलं होतं. अल्गोरिदमच्या घसरणीत काही सुधारणा थोड्या दिवसांत दिसतात, काहींना कित्येक महिने लागतात. बऱ्याचदा पुढचा मोठा अपडेट येईपर्यंत काही हलत नाही. तो आला तरी परत वर नेईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

२३. घरचे म्हणतात, चार पैसे येत होते तेही बंद झाले, आता सोड हे. काय करू?

हा प्रश्न ताया जास्त विचारतात, आणि रात्री विचारतात. वरुडकडच्या एका ताईने २०२३ च्या सप्टेंबरनंतर संत्र्यावरच्या ब्लॉगचे बहुतेक वाचक गमावले. मी सगळे लेख वाचले. अर्धे बाहेरून गोळा केलेले होते, त्यात तिची काहीच भर नव्हती. उरलेले तिच्या स्वतःच्या बागेचे होते. झाडं ताणावर कधी टाकली, पानं किती पिवळी पडल्यावर पाणी सोडलं, कोणत्या ओळीत फूल आलं नाही, सगळं तारखांसकट. मी तिला लेख घाईने उडवू नको म्हणालो. पहिल्या अर्ध्यांपैकी ज्यात भर घालता येईल त्यात घाल, ज्यात येत नाही तेवढेच काढ. बागेचे लेख तिने व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन शेतकरी गटांत टाकायला सुरुवात केली. तिथून येणारा वाचक गूगलच्या हातात नसतो.

पैशाचं मी तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगतो. घरखर्चाच्या वहीत ब्लॉगची रक्कम शून्य लिहा, किराणा आणि फी त्यावर ठेवू नका. कधी जमा झालीच तर जूनमध्ये बियाण्याला कामी येते.